एसएफटीपी: लॉगिन चालू केलं की अपलोड बंद, अपलोड चालू केलं की लॉगिन बंद

छापखाना असो, आर्किटेक्टचं ऑफिस असो की साप्ताहिकाचं कार्यालय, बाहेरच्या माणसांकडून मोठ्या फाइली यायच्या असल्या की कोपऱ्यात एक उबुंटू लिनक्सचा सर्व्हर बसवलेला असतो आणि त्यावर प्रत्येक ग्राहकाचं एकेक एसएफटीपी खातं (नेटवरून सुरक्षितपणे फाइली पाठवायची सोय) असतं. तिथे ही तक्रार ठरलेली. ग्राहकाचा फोन येतो, "सर, लॉगिन होतंय पण पीडीएफ चढत नाहीये, परमिशन डिनाइड येतंय." सर्व्हर सांभाळणारा माणूस फोल्डरला ७७७ (कोणीही लिहा) देऊन मोकळा होतो. पाच मिनिटांत दुसरा फोन, "आता तर लॉगिनच होत नाहीये." मग ७५५ (लिहायचं फक्त मालकाने) केलं जातं, मालकी रूटकडे, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याकडे, परत जाते, लॉगिन सुरू होतं आणि अपलोड पुन्हा बंद. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत.

यात कोणी वेंधळेपणा करत नाही. लॉगिनसाठी त्या फोल्डरवर जी परवानगी लागते तिच्या नेमकी उलट परवानगी अपलोडसाठी लागते. फोल्डर एकच ठेवलात तर दोन्ही कधीच जमणार नाही. त्यामुळे फोल्डर दोन हवेत, एकात एक.

पुढे येणाऱ्या परवानगीच्या आकड्यांत शेवटच्या तिघांतला पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा इतरांचा; ४ म्हणजे वाचणं, २ लिहिणं, १ आत शिरणं, आणि त्यांची बेरीज. खाली सगळं ओपनएसएसएच या दूरवरून लॉगिन करायच्या प्रोग्रामच्या एसएफटीपीबद्दल आहे. व्हीएसएफटीपीडी या वेगळ्या प्रोग्रामवर साधं एफटीपी चालवत असाल तर त्याचं शेवटी बघू.

आधी लॉग, मग सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड)

ग्राहकाच्या स्क्रीनवर काय दिसतं त्याला फारशी किंमत देऊ नका. फाइलझिला आणि विनएससीपी हे ग्राहकाकडचे फाइल पाठवायचे प्रोग्राम (क्लायंट) आपापल्या भाषेत बोलतात. सर्व्हर मुद्दामच ग्राहकाला कमी सांगतो आणि खरं काय ते लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, लिहितो. उबुंटूवर आणि जुन्या डेबियनवर ते /व्हीएआर/लॉग/ऑथ.लॉग मध्ये मिळेल, रेड हॅट घराण्यात /व्हीएआर/लॉग/सिक्युअर मध्ये. जर्नलसीटीएल (लॉग वाचायची कमांड) वापरत असाल तर युनिटचं नाव उबुंटूवर 'एसएसएच' आणि रेड हॅटवर 'एसएसएचडी' आहे. या एका 'डी'पायी रिकामा लॉग बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

एका टर्मिनलवर लॉग चालू ठेवा आणि ग्राहकाला फोनवरच लॉगिन करायला सांगा. मग तक्रार कुठल्या टप्प्यावरची आहे ते लगेच कळतं.

'फेल्ड पासवर्ड' अशी ओळ आली तर पासवर्ड चुकतोय, फोल्डरचा काही संबंध नाही. 'नॉट अलाउड बिकॉज नन ऑफ यूजर्स ग्रुप्स आर लिस्टेड इन अलाउग्रुप्स' असं आलं तर खातं ठरलेल्या ग्रुपमध्ये नाही. 'ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स' म्हणजे चावी (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाइल) ठेवलेल्या फोल्डरची परवानगी सैल आहे. एसएसएचडीचं (ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागाचं) 'स्ट्रिक्टमोड्स' मूळचं चालूच असतं, त्यामुळे होम फोल्डर, .एसएसएच किंवा ऑथोराइज्ड_कीज यांपैकी कशावरही ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर ती चावी ग्राह्य धरली जात नाही.

लॉगमध्ये 'ॲक्सेप्टेड पासवर्ड' येऊन लगेच पुढे 'फेटल: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर सीएचरूट डिरेक्टरी' आलं, तर वर सांगितलेला फुफाटा तो हाच. पासवर्ड बरोबर होता आणि सर्व्हरने ग्राहकाला ओळखलंही, पण त्याला ज्या खोलीत, म्हणजे सीएचरूटच्या फोल्डरमध्ये, बंद करायचं त्या खोलीची मालकी-परवानगी पाहून जोडणी तोडली. ग्राहकाला फक्त 'ब्रोकन पाइप' नाहीतर 'कनेक्शन क्लोज्ड' दिसतं. तो पासवर्ड बदलून मागतो, आपण बदलून देतो, आणि काडीचा फरक पडत नाही.

यातलं काहीच नसेल, लॉगिन व्यवस्थित होत असेल आणि फाइल टाकतानाच नकार येत असेल (विनएससीपी त्याला 'एरर कोड: ३' म्हणतो, फाइलझिला 'ओपन फॉर राइट: परमिशन डिनाइड'), तर मामला साध्या लिनक्स परवानग्यांचा आहे.

सीएचरूटचा नियम

एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये बहुतेकांकडे असा तुकडा असतो: 'मॅच ग्रुप एसएफटीपीओन्ली', त्याखाली 'सीएचरूटडिरेक्टरी /एसआरव्ही/एसएफटीपी/%यू' आणि 'फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी'. %यूच्या जागी खात्याचं नाव बसतं. ही सोय ओपनएसएसएचमध्ये २००८ साली आली आणि नियम तेव्हापासून तोच आहे: सीएचरूटच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर, अगदी / पासून, रूटच्या मालकीचा असला पाहिजे आणि त्यावर ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नसली पाहिजे.

नियम जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे. ज्याला आत कोंडायचं त्यालाच त्या जागेच्या मुळाशी लिहिता आलं, तर तो तिथे स्वतःचे ईटीसी आणि लिब फोल्डर उभे करू शकतो. रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम मग त्या बनावट फाइलींवर विश्वास ठेवतो आणि कोंडलेला माणूसच मालक होऊन बसतो. म्हणून हा नियम बंद करायचं बटण शोधू नका. ओपनएसएसएचने ते दिलेलंच नाही.

'प्रत्येक फोल्डर' हे शब्द लोक वाचतात आणि विसरतात. शेवटचा फोल्डर ७५५ करून लॉगिन होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. त्यासाठी 'नेमआय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ अशी कमांड द्या. ती वाटेवरच्या एकेका पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. अक्षरांऐवजी आकड्यांत मांडलं तर एका छापखान्याच्या सर्व्हरवर हे दिसत होतं:

/ : रूट, रूट, ७५५
एसआरव्ही : रूट, रूट, ७५५
एसएफटीपी : रूट, ॲडमिन, ७७५
ग्राहक१ : रूट, रूट, ७५५

दोष तिसऱ्या ओळीत आहे. ऑफिसातल्या दोघांना नवे फोल्डर करता यावेत म्हणून कोणीतरी वरच्या फोल्डरवर ग्रुपला लिहिण्याची मुभा दिली होती. ग्राहक१च्या फोल्डरला कोणी हातही लावला नव्हता, तरी एकजात सगळ्या ग्राहकांचं लॉगिन एकाच वेळी बंद पडलं. सगळे एकदम बंद म्हणजे दोष वरच्या पायरीवर आणि एकच बंद म्हणजे दोष त्याच्या फोल्डरवर, हा ठोकताळा पुष्कळ वेळ वाचवतो. ग्रुप कुठला आहे याच्याशी एसएसएचडीला देणंघेणं नसतं. ॲडमिन ग्रुप खुशाल ठेवा, ७७५चं ७५५ करा.

इथे एक छुपी भानगड आहे. काही जण सीएचमॉडऐवजी सेटएफएसीएल वापरून एखाद्या ग्रुपला जादा परवानगी देतात आणि "मी मूळ परवानगीला हात लावलेला नाही" असं छातीठोकपणे सांगतात. पण असं एसीएल (जादा परवानग्यांची यादी) लावलं की फोल्डरच्या परवानगीत ग्रुपच्या जागी एसीएलचा मास्क, म्हणजे त्या परवानग्यांची कमाल मर्यादा, दिसू लागतो. मास्कमध्ये डब्ल्यू (लिहिणं) आला की एसएसएचडीच्या हिशेबी तो फोल्डर ग्रुपला लिहिण्यासाठी उघडा झाला. 'एलएस -एल'मध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की 'सेटएफएसीएल -बी' देऊन ते एसीएल काढा आणि मग पुढे चला.

दोन फोल्डरांची मांडणी

/एसआरव्ही/एसएफटीपी/ग्राहक१ रूटचा, ७५५. त्याच्या आत 'आवक' नावाचा फोल्डर, मालक ग्राहक१, परवानगी ७५०. झालं. बाहेरचा फोल्डर फक्त कोंडण्यापुरता, लिहायचं ते आवकमध्ये. फोल्डरचं नाव खऱ्या सर्व्हरवर रोमन लिपीत ठेवलेलं बरं. देवनागरी नावं चालतात, पण एखाद्या जुन्या क्लायंटमध्ये प्रश्नचिन्हं दिसू लागली की लोक तोही परवानग्यांचाच दोष समजतात.

ग्राहक लॉगिन झाल्यावर बाहेरच्या फोल्डरमध्ये उतरतो, तिथेच पीडीएफ ओढून टाकतो आणि फोन करतो. त्याला "आवकमध्ये जा" असं दरवेळी सांगण्यापेक्षा फोर्सकमांडच्या ओळीत 'इंटर्नल-एसएफटीपी -डी /आवक' लिहा, म्हणजे तो थेट आत उतरेल. तो पाथ सीएचरूटच्या आतून मोजलेला असतो, म्हणून नुसतं /आवक.

बाहेरच्या फोल्डरला ७०० देऊ नका. मालक रूट आहे, त्यामुळे ग्राहकाला आत पाऊल टाकायलाही 'एक्स' उरत नाही. इतरांपासून झाकायचंच असेल तर ग्रुप त्या ग्राहकाचा ठेवून ७५० द्या.

सर्व्हरवरचा दुसरा एखादा फोल्डर ग्राहकाला दाखवायचा असेल तर सिमलिंक (शॉर्टकट) चालणार नाही. सीएचरूटच्या आतून बाहेरचा पाथ अस्तित्वातच नसतो. बाइंड माउंट करा, म्हणजे तोच फोल्डर आतल्या जागीही जोडा, आणि त्याची नोंद /ईटीसी/एफएसटॅबमध्येही करा. नोंद केली नाही तर सर्व्हर रीबूट झाल्यावर "आमच्या सगळ्या फाइली गेल्या" असा घाबराघुबरा फोन येतो. फाइली शाबूत असतात, माउंट गेलेलं असतं.

दुरुस्त केलं, तरी येरे माझ्या मागल्या

दुखणं वरचेवर परत येत असेल तर परवानगी पुन्हा पुन्हा नीट करत बसू नका. ती बिघडवतोय कोण ते शोधा.

बहुतेक वेळा तो ठरल्या वेळी आपोआप चालणारा एखादा क्रॉन जॉब असतो. बॅकअपच्या किंवा वेबसाइटच्या स्क्रिप्टमध्ये कोणी एकेकाळी 'सीएचओन -आर' लिहिलेलं असतं आणि ते रोज रात्री रूटची मालकी पुसून टाकतं. "रोज सकाळी बंद, दुपारी तुम्ही आलात की चालू" अशी तक्रार असेल तर आधी क्रॉनटॅब उघडा, रूटचा आणि इतरांचाही. तिथे काही सापडलं नाही तर ऑडिटडीला (कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) कामाला लावा. 'ऑडिटसीटीएल -डब्ल्यू' पुढे फोल्डर, मग '-पी ए', मग '-के' आणि तुमच्या मर्जीचं नाव. 'ए' म्हणजे परवानगी-मालकीतले बदल तेवढे नोंदवायचे. दुसऱ्या दिवशी 'ऑसर्च -के' आणि तेच नाव, शेवटी '-आय'. कुठल्या कमांडने, किती वाजता आणि मुळात कोणत्या लॉगिनवरून हात लावला ते समोर येतं. सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरलं असलं तरी मूळ लॉगिन लपत नाही. हे केल्यावर ऑफिसातली "मी नाही केलं" ही चर्चा बरीच आटोपशीर होते.

प्रत्येक नव्या ग्राहकापाशीच अडतं, असं असेल तर खातं उघडायची पद्धत तपासा. 'यूजरॲड -एम' देऊन होम फोल्डर म्हणून सीएचरूटचाच पाथ दिला, की तो फोल्डर आपोआप त्या ग्राहकाच्या मालकीचा तयार होतो. पहिलं लॉगिनच आपटणार. खातं -एमशिवाय उघडा आणि दोन्ही फोल्डर हाताने किंवा छोट्या स्क्रिप्टने करा.

यूजरमॉडची गोष्ट वेगळी आहे. ग्राहकाला एखादा नवा ग्रुप द्यायला लोक 'यूजरमॉड -जी' वापरतात, मोठ्या जीने. सोबत '-ए' नसेल तर ती कमांड नवा ग्रुप जोडत नाही, जुने जादा ग्रुप काढून त्या जागी नवा बसवते. खातं एसएफटीपीओन्लीमधून बाहेर पडतं. मग एक तर अलाउग्रुप्समुळे लॉगिन बंद होतं, नाहीतर त्याहून वाईट, मॅचचा तुकडा लागू होत नाही आणि ग्राहक सीएचरूटशिवाय अख्खा सर्व्हर बघत बसतो. तो तक्रारही करत नाही, कारण त्याचं काम छान चाललेलं असतं. बदल केल्यावर 'आयडी ग्राहक१' देऊन ग्रुप बघाच. आणि ग्रुप बदलल्यावर ग्राहकाला जोडणी तोडून पुन्हा जोडायला सांगा. चालू जोडणीला जुनेच ग्रुप चिकटलेले असतात.

दर तीन महिन्यांनी ठराविक खाती बंद पडत असतील तर पासवर्डची मुदत. ऑडिटवाल्यांच्या सांगण्यावरून /ईटीसी/लॉगिन.डेफ्समध्ये 'पास_मॅक्स_डेज' ९० केलेलं असतं. ते जुन्या खात्यांना लागत नाही, त्यानंतर उघडलेल्या खात्यांनाच लागतं. म्हणून जुने ग्राहक मजेत आणि नवे अडलेले. एसएफटीपीपुरत्या खात्याला पासवर्ड बदलायला टर्मिनलच मिळत नाही, तेव्हा 'पासवर्ड चेंज रिक्वायर्ड बट नो टीटीवाय अव्हेलेबल' अशा वळणाचा निरोप येतो. 'चेज -एल' देऊन मुदत बघा. अशा खात्यांना चावी द्या आणि मुदत काढून टाका, माझं मत हेच.

आणि कॉन्फिगमधला बदल लागूच होत नाही असं वाटत असेल तर दोन गोष्टी. मॅचचा तुकडा पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो, त्यामुळे फाइलच्या तळाशी जोडलेली ओळ फक्त त्या ग्रुपला लागू होते. दुसरं, एसएसएचडी एखादी सेटिंग जिथे पहिल्यांदा वाचतो तीच धरतो, आणि उबुंटूवर एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डर सुरुवातीलाच वाचला जातो. क्लाउडवर घेतलेल्या सर्व्हरमध्ये तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल असते आणि ती पासवर्ड लॉगिनबद्दलचा निकाल आधीच देऊन बसलेली असते. 'एसएसएचडी -टी', मोठ्या टीने, आणि त्यापुढे '-सी यूजर=ग्राहक१' दिलंत की त्या खात्याला प्रत्यक्षात काय लागू होतंय ते छापून येतं. लहान टीने नुसतं कॉन्फिग तपासलं जातं. सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी ते करायचंच, आणि करताना दुसरी एक जोडणी उघडी ठेवायची.

दोघांचा एक फोल्डर

संपादक टाकतो, मांडणी करणारा उघडतो, पण बदल जतन होत नाही. दोघांचा एक ग्रुप करा, आवकचा ग्रुप तोच ठेवा आणि परवानगी २७७० द्या. सुरुवातीच्या २मुळे आत येणाऱ्या प्रत्येक फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. सोबत 'इंटर्नल-एसएफटीपी -यू ०००७' द्या. तरीही काही फाइली ६४०च राहतात, कारण क्लायंट फाइल पाठवताना स्वतःची परवानगी सोबत धाडतो आणि यूमास्क (तो -यूपुढचा आकडा) त्यातून वजाबाकीच करू शकतो, बेरीज नाही. ते क्लायंटच्या सेटिंगमध्येच सुधारावं लागतं.

पुसण्याचा अधिकार फाइलवर नसतो, फोल्डरवर असतो. त्यामुळे २७७०मध्ये कोणीही कोणाचीही फाइल उडवू शकतो. ते नको असेल तर ३७७० द्या, म्हणजे ज्याची फाइल त्यानेच, नाहीतर फोल्डरच्या मालकाने, पुसायची.

विनएससीपीत 'अपलोड झालं, पण परवानगी किंवा वेळ लावताना चूक' असा निरोप आला तर फाइल पोचलेली असते. दुसऱ्याच्या मालकीच्या फाइलवर नवी चढवल्यावर तिची वेळ बदलायचा हक्क आपल्याला नसतो, एवढंच. 'प्रिझर्व्ह टाइमस्टॅम्प'ची खूण काढा.

परवानगीचं सोंग घेतलेले दोन घोळ

"सगळ्या ऑफिसचं बंद झालं आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू झालं." हे फेल२बॅन, चुकीचे पासवर्ड देत राहणारा आयपी अडवणारा प्रोग्राम. पासवर्ड बदलल्यावर एका संगणकाच्या फाइलझिलात जुनाच राहिलेला असतो आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. फेल२बॅनच्या मूळ सेटिंगप्रमाणे १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो आयपी १० मिनिटं बंद. ऑफिसातले सगळे एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर पडतात, म्हणून एकापायी सगळे अडकतात. 'फेल२बॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी' देऊन यादी बघा, आयपी मोकळा करा आणि जुना पासवर्ड कुठल्या संगणकावर आहे तो हुडका.

दुसरा निरोप गूढ दिसतो: 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४१६१२८८८३'. मेसेज लांब वगैरे काही नाही. एसएफटीपी क्लायंट पहिले चार बाइट लांबीचा आकडा म्हणून वाचतो, आणि टी-एच-आय-एस ही चार अक्षरं आकड्यात मांडली की १४१६१२८८८३ होतात. म्हणजे सर्व्हरकडून 'धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल' हे वाक्य आलं. खात्याचा शेल (लॉगिननंतर कमांडा घेणारा प्रोग्राम) नोलॉगिन, म्हणजे नकार देणारा, आहे आणि एसएफटीपी त्या शेलमधून चालवायचा प्रयत्न होतोय. सबसिस्टिमच्या ओळीत बाहेरच्या एसएफटीपी-सर्व्हरऐवजी इंटर्नल-एसएफटीपी लिहा. त्याला शेल लागत नाही. आकडा वेगळा असेल तर बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये) कोणीतरी काहीतरी छापतंय.

व्हीएसएफटीपीडी असेल तर

तिथे हाच नियम '५०० ऊप्स: रिफ्यूजिंग टू रन विथ रायटेबल रूट इनसाइड सीएचरूट' या रूपात भेटतो. 'अलाउ_रायटेबल_सीएचरूट=येस' हा त्यावर सगळीकडे सांगितला जाणारा उतारा. तो चालतो, पण धोका तसाच राहतो. दोन फोल्डरांची मांडणी इथेही करता येते. अपलोड करताना ५५० ही चूक येत असेल तर 'राइट_एनेबल=येस' या ओळीपुढचं हॅश काढायचं राहिलंय का बघा, कारण लिहिणं मूळचं बंदच असतं. पासवर्ड बरोबर असून लॉगिनला ५३० ही चूक येत असेल तर खात्याचा शेल /ईटीसी/शेल्समध्ये आहे का ते तपासा. उबुंटूवर पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) ते पाहतं आणि नोलॉगिन त्या यादीत नसतो. /ईटीसी/एफटीपीयूजर्समध्ये नाव घालून लॉगिन सुरू होईल अशी आशा धरू नका. ती यादी मनाई असलेल्यांची आहे.

दुरुस्ती झाली की रूटने नाही, ग्राहकाच्याच खात्याने आणि ऑफिसबाहेरच्या नेटवरून तपासा: लॉगिन, एक फाइल चढवणं, तिचं नाव बदलणं, पुसणं. मग सर्व्हर एकदा रीबूट करून तेच पुन्हा.